बंद केलं, पण चालू कोण करणार?



माझी सगळी नोकरी ‘बंद’ आणि ‘चालू’ या दोन शब्दांत गेली. विजेच्या ३३ केव्ही उपकेंद्रात मी ३१ वर्षं ऑपरेटर होतो. कुठली लाइन बंद केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, किती वाजून किती मिनिटांनी केली, पुन्हा कधी सोडली, हे सगळं वहीत लिहायचं, खाली सही ठोकायची, की पाळी संपली. अशा माणसाच्या हातात उतारवयात स्मार्टफोन आला, तर तो त्यात पहिल्यांदा काय शोधेल? बंद करायचं बटण! मला ते सापडलं. आज त्या बटणाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट तशी फोनची. पण ती माझ्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांपर्यंत जाऊन पोचली, म्हणून चारचौघांत सांगावीशी वाटते.

आमच्या वडिलांचा एक दंडक होता. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवायचा. विसरलात तर जेवणाच्या ताटावरून उठून जाऊन मालवून यायचं. ती सवय हाडीमासी खिळलेली. त्यात नोकरी विजेची. विनाकारण काही चालू दिसलं, की माझा हात बटणाकडे जातो. फोनमध्ये खालून वर बोट सरकवलं की आपण दिवसभरात उघडलेली ॲप पत्त्यांसारखी ओळीनं दिसतात. ती पाहून मला वाटायचं, अरे बापरे, हे सगळे दिवे जळतायत आणि आपण खुशाल खिशात घालून फिरतोय! मग रोज रात्री झोपण्यापूर्वी ती एकेक करून वर ढकलून द्यायची. तेवढ्यानंही समाधान होईना. एकदा सेटिंग्जमध्ये फिरताना ॲप्सच्या यादीत शिरलो, एका ॲपवर बोट ठेवलं, आणि समोर आलं ते बटण. इंग्रजीत त्याला ‘फोर्स स्टॉप’ म्हणतात, आणि फोन मराठीत असेल तर ‘सक्तीने थांबवा’. काय शब्द आहे! नोकरीभर मी ब्रेकर पाडत आलो होतो. इथं खिशातल्या खिशात ब्रेकर मिळाला.

२०२४ सालच्या दिवाळीत भाऊबीजेला मी तासगावला अक्काकडे गेलो. अक्का ७४ वर्षांची. यजमान गेल्यापासून एकटीच राहते. मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीनिमित्त बंगळुरूला. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि अक्का म्हणाली, “अरे, तुला त्यातलं कळतं म्हणतोस, तर हा फोन बघ की जरा. लई रेंगाळतोय. एकदा बोट लावावं आणि चहाचं आधण ठेवून यावं, तरी ह्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच.”

ओवाळणीत पाकीट घातलं होतंच. वर ही सेवा आपल्या हातून होतेय म्हणून मी चष्मा पुसून बसलो. यादी उघडली. एकेका ॲपवर जायचं आणि सक्तीने थांबवायचं. दर वेळी फोन एक चौकट दाखवून विचारत होता. सक्तीनं थांबवलंत तर हे ॲप नीट वागणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्यात लिहिलेलं होतं. मी न वाचता ‘ठीक आहे’ दाबत गेलो. तेवीस ॲप थांबवली. त्यात एकावर गोळीचं चित्र होतं, नाव इंग्रजी. अक्काला विचारलं, “हे तू कधी उघडतेस का?” ती म्हणाली, “नाही बाई, मी कशाला उघडतेय?” झालं. तेही थांबवलं. फोन थोडा चपळ झाल्यासारखा वाटला. अक्कानं कौतुकानं आणखी दोन करंज्या वाढल्या, आणि मी कराडची गाडी धरली.

अक्काला काचबिंदू आहे. श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना सांगायला नको. पण इतरांसाठी सांगतो. डोळ्यातला दाब बऱ्याचदा वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, आणि समोरचं दिसत असतं म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब दाब आवरून धरतात, इतकंच. म्हणून ते चुकवायचे नाहीत. अक्काला रोज रात्री नऊ वाजता दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकायचा होता.

डिसेंबरात, भाऊबीजेनंतर सहा आठवड्यांनी, तिला घेऊन मी सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आधीच्या तपासणीत तिचा दाब दोन्ही डोळ्यांत पंधरा-सोळाच्या आसपास होता. साधारणपणे दहा ते एकवीस हा ठीक समजतात. या वेळी एका डोळ्यात सव्वीस, दुसऱ्यात चोवीस. डॉक्टरांनी पुन्हा मोजला. मग त्यांनी विचारलं, “आजी, थेंब रोज टाकताय ना?”

अक्का निरागसपणे म्हणाली, “आता कुठं? त्याचा कोर्स संपला की दिवाळीत.”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी अक्काकडे. तिचं म्हणणं असं. भाच्यानं मागच्या मे महिन्यात येऊन फोनमध्ये काहीतरी घालून दिलं होतं. रात्री नऊला देवळातल्या घंटेसारखा आवाज व्हायचा, पडद्यावर बाटलीचं चित्र यायचं, थेंब टाकले की ‘घेतलं’ या शब्दावर बोट लावायचं. भाचा सांगून गेला होता, “आई, वाजलं की टाकायचं.” ती म्हणाली, “तो म्हणाला वाजलं की टाक. दिवाळीनंतर वाजायचंच बंद झालं. म्हटलं, डॉक्टरांनी जेवढे दिवस सांगितले तेवढेच त्यात भरले असतील. ते पोर एवढं शिकलेलं आहे, चुकणार आहे होय?”

पोर चुकलं नव्हतं. मामा चुकला होता. पण त्या क्षणी मला ते कळलंही नाही. मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून भाच्याला फोन लावला आणि वर त्यालाच म्हणालो, “तुझं ते ॲप बंद पडलंय बघ.” तो म्हणाला, “मामा, ॲप उघडू नका. सेटिंग्जमध्ये जा, ॲप्सच्या यादीत ते शोधा, आणि तिथं ‘सक्तीने थांबवा’ हे बटण कसं दिसतंय ते मला सांगा.” मी पाहिलं. बटण फिकं पडलं होतं. दाबलं तरी दबत नव्हतं. तसं सांगितल्यावर तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, “याचा अर्थ कुणीतरी ते आधीच दाबलेलं आहे.”

श्रोतेहो, वहीत सही नसली तरी तो हात कुणाचा होता हे मला तिथंच समजलं.

त्या दिवशी दृष्टिक्षेत्राची तपासणीही झाली. सुदैवानं आधीइतकंच दिसत होतं. नवीन नुकसान नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “या वेळी निभावलं.” थेंब पुन्हा सुरू झाले आणि पुढच्या तपासणीत दाब खाली आलेला होता. पण ‘या वेळी’ हे दोन शब्द माझ्या कानातून गेले नाहीत. मग मी भाच्याकडून, आणि मिळेल ते वाचून, हे बटण नेमकं काय करतं ते समजून घेतलं. ते आता तुम्हाला सांगतो. मी अँड्रॉइड फोनबद्दल बोलतोय, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच असतो.

पहिली गोष्ट म्हणजे, मागे दिसणारी ॲप हे जळणारे दिवे नव्हेत. स्वयंपाकघराचं उदाहरण घ्या. चहा-साखरेचे डबे ओट्याजवळच्या फळीवर असतात, कारण ते सारखे लागतात. फळीवर डबा नुसता ठेवला म्हणून गॅस जळत नाही. फोनची रॅम ही ती फळी. आपण एखाद्या ॲपमधून बाहेर पडलो, की फोन ते फळीवर ठेवून देतो. पुन्हा लागलं की चटकन हाती यावं म्हणून. ही फळी भरलेली असली काय आणि रिकामी असली काय, तिला लागणारी वीज जवळपास तेवढीच. जागा कमी पडली, तर बरेच दिवस न लागलेला डबा फोन स्वतःच माळ्यावर टाकतो. त्याला तुमच्या-माझ्या मदतीची गरज नसते. आणि मी काय करत होतो? रोज रात्री सगळे डबे माळ्यावर चढवत होतो, आणि रोज सकाळी शिडी लावून पुन्हा उतरवत होतो. ॲप पहिल्यापासून सुरू करायला फोनला जास्त कष्ट पडतात, जास्त बॅटरी लागते. वाचवायला गेलो आणि खर्च वाढवून बसलो.

ही समजूत माझ्या एकट्याची नव्हती, एवढंच समाधान. २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला, तेव्हा फोनची रॅम फार तुटपुंजी असे. पुढच्या काही वर्षांत ॲप मारून टाकणारी ॲप लोकप्रिय झाली. टास्क किलर म्हणत त्यांना. फोन सुधारले, समजूत तशीच राहिली. २०१६ साली ॲपल कंपनीच्या एका ग्राहकानं थेट कंपनीच्या प्रमुखांनाच पत्र धाडून विचारलं, की बॅटरी वाचावी म्हणून तुम्ही स्वतः ॲप बंद करत बसता का, आणि तसं करण्याची गरज असते का? उत्तर आलं ते सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांच्याकडून. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर : नाही. त्यावर अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर यांनीही तीच री ओढली. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणारी ही दोन घरं. या एका बाबतीत त्यांचं एकमत झालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बोटानं ॲप वर ढकलणं आणि सक्तीनं थांबवणं यात फरक आहे. ढकलणं म्हणजे डबा फळीवरून काढणं. एरवी त्यानं ॲपनं लावून ठेवलेले गजर बिघडत नाहीत. मात्र काही फोनमध्ये कंपनीनंच बॅटरी वाचवण्याची इतकी कडक व्यवस्था घातलेली असते, की तिथं ढकलण्यानंही ॲप पुरतं थांबू शकतं. सक्तीनं थांबवणं मात्र सगळ्याच फोनमध्ये वेगळं प्रकरण आहे. त्यानं ॲपचं चालू काम तर थांबतंच. पण त्यानं पुढच्या वेळेसाठी लावून ठेवलेले सगळे गजर रद्द होतात, ठरवून ठेवलेली कामं रद्द होतात, पडद्यावरच्या त्याच्या सूचना निघून जातात. त्याच्यासाठी बाहेरून येणारे निरोपही दारातच अडतात. आणि ही अवस्था टिकून राहते. तुम्ही फोन बंद करून चालू केलात तरी ते ॲप उठत नाही. एरवी फोन सुरू होताना ‘मी जागा झालो’ अशी हाळी सगळ्या ॲपना देतो, आणि गजराची ॲप ती ऐकून आपापले गजर पुन्हा लावतात. थांबवलेल्या ॲपला ती हाळी ऐकूच जात नाही. ते उठतं केव्हा? बहुतेक वेळा एकाच गोष्टीनं : माणसानं स्वतः जाऊन ते उघडलं तर.

अँड्रॉइडमध्ये हा नियम आला २०११ साली, ३.१ या आवृत्तीपासून. त्याआधी असं व्हायचं, की तुम्ही ॲप थांबवावं आणि ते काही वेळानं मागच्या दारानं पुन्हा आत यावं. मालकानं थांब म्हटलं तर थांबलंच पाहिजे, म्हणून हा बंदोबस्त. २०२४ सालच्या अँड्रॉइड १५ मध्ये तो आणखी घट्ट झाला. थांबवलेल्या ॲपची पडद्यावरची चौकटसुद्धा आता फिकी पडते, निदान डोळ्यांना तेवढं तरी कळावं. म्हणजे बघा, अक्काच्या फोननं काही चूक केली नव्हती. त्यानं माझी आज्ञा सहा आठवडे अक्षरशः पाळली. रोज रात्री नऊ वाजत होते, आणि तो माझ्या हुकमाप्रमाणे गप्प बसून होता.

हे वाचलं आणि मला माझं उपकेंद्र आठवलं. आमच्याकडे ‘परमिट’ नावाची पद्धत असते. लाइनमनला खांबावर चढायचं असेल, तर तो ऑपरेटरकडे परमिट मागतो. ऑपरेटर लाइन बंद करतो, ब्रेकरवर पाटी लावतो, कागदावर वेळ टाकून सही करून देतो. आता ती लाइन कोणी चालू करायची? कोणीही नाही. वरच्या साहेबाचा फोन आला, गावात बोंब झाली, लग्नाचा मांडव अंधारात बसला, तरी नाही. ज्यानं परमिट घेतलं, त्यानंच खाली उतरून, माणसं मोजून, ‘काम झालं, लाइन मोकळी’ असं लिहून परत केल्याशिवाय लाइन सोडायची नाही. कारण वर माणूस असतो. सक्तीनं थांबवलेलं ॲप म्हणजे अशी पाटी लावलेली लाइन. ती लावली मी. आणि परमिट परत न करता मी करंज्या खाऊन कराडला निघून गेलो.

त्याहून मोठी चूक आधीची आहे. लाइन बंद करण्यापूर्वी ऑपरेटरनं एक प्रश्न विचारायचा असतो : या फीडरवर कोण आहे? दवाखाना आहे का? गावची पाणीयोजना आहे का? पिठाची गिरणी अर्धा तास थांबू शकते, पण प्रसूतिगृहाला आधी कळवावं लागतं. ३१ वर्षं मी हा प्रश्न विचारल्याशिवाय हँडलला हात लावला नाही. अक्काच्या फोनमध्ये तेवीस ब्रेकर पाडले, पण एकदाही विचारलं नाही की यावर कोण आहे. विचारलं ते एवढंच, की “तू हे उघडतेस का?” तो प्रश्नच चुकीचा होता. काही ॲप उघडण्यासाठी नसतातच. ती आपल्याला हाक मारण्यासाठी असतात. आपण त्यांच्याकडे जात नाही, वेळ झाली की ती आपल्याकडे येतात. अशी ॲप वापरात नाहीत असं वाटतं, आणि आपण बंद करायला निघतो ती बहुधा तीच.

अशी हाक मारणारी ॲप कुठली, ते जरा मोजून बघा. औषधाची आठवण. गजर. व्हॉट्सॲप घ्या, ते सक्तीनं थांबवलंत तर समोरच्याला आपल्या निरोपाखाली एकच टिक दिसत राहते, आणि परदेशातल्या मुलाचा कॉल इकडे वाजतच नाही. निरोप हरवत नाही. तो कंपनीकडे ३० दिवसांपर्यंत थांबतो आणि ॲप उघडलं की येतो. पण हाकेची वेळ निघून गेलेली असते. किंवा आपल्या पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ घ्या. आपल्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं. शेतकऱ्यानं ते एकदा घालून घेतलं, की पुन्हा उघडण्याचं कारण वळवाच्या पावसाशिवाय येत नाही. हिवाळ्यात कोणीतरी माझ्यासारखा मामा येऊन ते थांबवून गेला, तर मे महिन्यात रानात ढग भरून येतील आणि फोन गप्प राहील. फोन गप्प आहे म्हणजे धोका नाही, असं आपण समजू. अक्कानंही तेच समजून घेतलं होतं. घंटा वाजत नाही, म्हणजे औषध संपलं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या गप्प बसण्याची. आमच्याकडे लाइन गेली की पाच मिनिटांत उपकेंद्राचा फोन खणखणायला लागायचा. लोक शिव्या घालायचे, पण त्यामुळे कळायचं. थांबवलेलं ॲप तक्रार करत नाही. आणि काचबिंदूही तक्रार करत नाही. दोन्ही गप्प. मधे एक ७४ वर्षांची बाई, तीही सोसायची सवय असलेली.

म्हणून हे बटण वाईट आहे का? मुळीच नाही. ब्रेकर कधी वाईट असतो का? एखादं ॲप अडकून बसलं, पडदा गोठला, बाहेर पडलो तरी फोन तापतोय, गाणं बंद करूनही वाजतंय, नकाशा मिटूनही जागेची खूण दिसत राहतेय, अशा वेळी सक्तीनं थांबवावं. त्यासाठीच ते दिलेलं आहे. थांबवल्यानं त्यातले फोटो, निरोप, नोंदी सहसा पुसल्या जात नाहीत. फार तर लिहिता लिहिता न साठवलेलं तेवढं जाईल. पुसणारं बटण वेगळं, ते ‘डेटा साफ करा’ या नावाचं, आणि त्याला मात्र पूर्ण विचार केल्याशिवाय हात लावू नये. काम झालं की थांबवलेलं ॲप एकदा उघडून, नीट चालतंय हे बघून मगच फोन खिशात टाकावा. म्हणजे परमिट परत झालं.

बॅटरी कोण खातंय हे शोधायचं असेल, तर सेटिंग्जमध्ये बॅटरीचं पान आहे. तिथं कुठल्या ॲपनं किती वापरली ते दिसतं. अंदाजानं तेवीस जणांना शिक्षा करण्यापेक्षा खरा एक चोर तिथं सापडतो. बाकीचं बरंचसं काम फोन आपणहून करतो. २०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून फोन न हलवता ठेवून दिला की तो मागची कामं थोपवून धरतो. आणि २०२१ सालच्या १२ व्या आवृत्तीपासून महिनोन्‌महिने हात न लावलेल्या ॲपना झोपवून टाकतो. म्हणून औषधाच्या आठवणीसारखं जे ॲप झोपून चालणार नाही, त्याच्या माहितीच्या पानावर जाऊन ‘वापरात नसेल तर थांबवा’ अशा अर्थाचा पर्याय बंद करावा, आणि बॅटरीच्या पानावर ‘निर्बंध नको’ अशा अर्थाचा पर्याय निवडून ठेवावा. शब्द आणि जागा प्रत्येक फोनमध्ये थोड्या वेगळ्या असतात.

आणि ‘एका बोटात फोन वेगवान करा’ अशी जाहिरात करणारी ॲप घालू नयेत. डबे माळ्यावर टाकायला पगारी माणूस ठेवल्यासारखं ते आहे; आणि वर तो माणूस फळीवर स्वतःच बसतो.

अक्काचा फोन रेंगाळत होता त्याचं कारण तरी काय निघालं? भाच्यानं नंतर येऊन पाहिलं. फोनची साठवणीची जागा गच्च भरली होती. सुप्रभात, शुभ रात्री, गुलाब, सूर्योदय, आणि लग्नांचे लांबलचक व्हिडिओ. रॅम म्हणजे फळी, तर ही साठवण म्हणजे कोठीची खोली. कोठीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी फळी पुसत बसलो होतो. सक्तीनं थांबवून त्यातला एक गुलाबसुद्धा हलला नसता. भाच्यानं दोन तास बसून कोठी आवरली. फोन पळायला लागला. अक्का नातवंडांचे फोटो मात्र एकही काढू देईना.

त्या औषधाच्या ॲपबद्दलही आम्ही तिघांनी बसून ठरवलं. नुसत्या फोनवर भिस्त ठेवायची नाही. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेला दोरीनं पेन्सिल बांधली आहे. थेंब टाकले की त्या तारखेवर अक्का टिंब देते. कोर्स संपला की नाही हे घंटेनं ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं, हेही तिच्याकडून वदवून घेतलं. आणि फोनला हात लावण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो : हे काय आहे, कुणी घालून दिलं, आणि ते कशासाठी वाजतं?

अक्काला मी खरं काय ते सांगितलं. व्हरांड्यातून आत येऊन, डॉक्टरांच्या समोरच सांगितलं, की तुझी घंटा मी बंद केली होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटलंच होतं रे. तू लहानपणीही घड्याळं खोलून ठेवायचास.” आणि डॉक्टरांना म्हणाली, “भाऊ चांगला आहे हो. फक्त सगळं बंद करतो.”

हल्ली रात्री नऊ वाजता तासगावला अक्काच्या फोनची घंटा होते. नऊ वाजून पाच मिनिटांनी कराडहून मी तिला एक मिस्ड कॉल देतो. तिनं तो दोन रिंगमध्ये कापला, तर थेंब पडले असं समजायचं. उचलला, तर तिला काही बोलायचं आहे. नाहीच काही झालं, तर मी शेजाऱ्यांना फोन लावतो. आजवर दोनदा लावावा लागला. दोन्ही वेळा अक्का शेजारीच मालिका बघत बसलेली होती.

एका वहीत मी त्याची वेळ टाकतो आणि खाली सही करतो. मग घरातले दिवे मालवतो.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)